छाट मोडून दे

माझा धंदा नापास करण्याचा. भंडाऱ्याजवळच्या शहापूरच्या बिडी कारखान्यात ओट्यावर बसायचं, बायांनी घरी वळून आणलेल्या हजार-हजार बिड्या पुढ्यात घ्यायच्या, मूठ मूठ दाबून बघायच्या आणि ढिली, वाकडी, फाटक्या पानाची बिडी बाजूला काढायची. या बाजूला काढलेल्या बिड्यांना छाट म्हणतात. छाटीची मजुरी बाईला मिळत नाही. इथवर कोणालाही न्यायाचं वाटेल. पुढचं ऐका.

छाट फेकली जात नसे. माझ्या पाठीशी पत्र्याचं एक पिंप होतं, छाटीसाठी ठेवलेलं. संध्याकाळी ते पिंप आत जायचं, त्याच बिड्यांचे कट्टे, म्हणजे जुड्या, बांधले जायचे, वर शेठचा फेटेवाला फोटो चिकटायचा आणि माल दुसऱ्या जिल्ह्यात रवाना. म्हणजे बाईची बिडी नापास, शेठची तीच बिडी पास. वर हुकूम असा, की चांगली असो वाईट असो, दर पाटीमागे मूठभर तरी निघालीच पाहिजे. मी काढत होतो. सव्वीस वर्षांचा होतो, नुकतं लग्न झालं होतं, आणि हुकूम पाळला की डोकं चालवावं लागत नाही हे मला फार लवकर कळलं होतं.

आज आमच्या भागात ज्या घरात एक आमदार आहे, सून सरपंच आहे आणि पुतण्या बाजार समितीवर बसला आहे, त्या घराण्याचा पाया माझ्या त्या ओट्यासमोर घातला गेला. घराण्याचा गुळगुळीत कागदावर छापलेला परिचय निघाला आहे. त्यात लिहिलं आहे, 'मातोश्रींनी अपार कष्टातून उद्योग उभारला.' अपार कष्ट सगळ्याच बाया करतात, त्यातून कारखाना उभा राहत नाही. मनकर्णाबाईचा कारखाना रागातून उभा राहिला. तो राग माझ्यावर होता, म्हणून मला त्याची तारीखवार माहिती आहे.

एकाहत्तरच्या मे महिन्यातली दुपार. मनकर्णाबाई पस्तिशीची असेल. नवरा केवळराम, थोडी धानाची शेती, दोन मुलं. रांगेत नंबर आला तसा तिनं पाटी ठेवली. मी बिड्या दाबल्या आणि सवयीनं मूठभर बाजूला काढल्या.

"मुन्शीभाऊ, ह्या कायले काढल्या?"

"ढिल्या हायेत."

"एक दाब बरं माह्यासमोर."

दाबली. बिडी कडक होती. मी म्हटलं, "मंग वाकडी असन."

"वाकडी तुही नजर हाये. जाऊ दे. नापास केल्या ना? मोडून दे."

"मोडता नाई येत. मालकाचा माल हाये."

"नापास हाये तं कचरा हाये. कचरा हाये तं मोड. नाई तं पास कर. दोनातलं एक कर."

ती बरोबर बोलत होती. रांगेतल्या बायांनाही ते माहीत होतं आणि मलाही. मी शेठचा नोकर म्हणून जे उत्तर देता येतं ते दिलं, "पुढे सरक, मागं लोकं हायेत."

मला वाटलं, आता ती छाटीवर झडप घालेल. तिनं पास झालेल्या बिड्यांना हात घातला. पाटी मांडीवर घेतली, ओट्यासमोरच फतकल मारली आणि एकेक बिडी मोडायला लागली. पान एकीकडे, जर्दा एकीकडे, दोरा एकीकडे. पाटीतल्या सगळ्या. मुनीम आतून धावत आला, ओरडला. ती मान वर न करता म्हणाली, "पान तुमचं, जर्दा तुमचा, घ्या परत. वळनारे हात माहे होते, ते मी घरी नेऊन राहिली." तासभर हे चाललं. जर्दा हवेत उडाला, अख्खी रांग शिंकत होती, आणि एकही बाई पुढे सरकायला तयार नव्हती. शेवटी तिनं मी काढलेली छाट मागितली. माझ्याच हातानं मी ती तिला दिली. ती पण मोडली आणि पदर झटकून चालायला लागली.

तिचं कामाचं पुस्तक त्याच दिवशी रद्द झालं. माझी नोकरी दुसऱ्या दिवशी गेली. मालाची नासाडी डोळ्यांदेखत होऊ दिली, हा माझा गुन्हा.

मी भांडायला तिच्या घरी गेलो. मोठ्या तावात गेलो होतो. ती छपरीत पानं निवडत बसली होती, केवळराम विहिरीवरून पाणी आणत होता. त्यानं मला आधी पाणी दिलं, त्यामुळे निम्मा ताव तिथंच उतरला. मी म्हटलं, "बाई, तुमच्यापायी माही नौकरी गेली."

"तुही नौकरी मी नाई खाल्ली. त्या पिंपानं खाल्ली," ती म्हणाली. मग पानावरची नजर काढून तिनं मला पाहिलं. "चांगली बिडी अन् खराब बिडी येगळी करता येते का तुले? खरीखुरी?"

"येते."

"मंग बस."

असा मी मनकर्णाबाईच्या कारखान्यातला पहिला माणूस. कारखाना म्हणजे ती छपरी. तिचं माहेर नाकाडोंगरीकडचं. भाऊ जंगलात तेंदूपत्ता तोडायचे, त्यामुळे पान बोटांनी चाचपून ते कोणत्या टेकडीचं आहे हे सांगणारी ही बाई. भावाच्या शब्दावर तिकडच्या एका ठेकेदारानं तिला पानाची काही पोती दिली. जर्द्यासाठी केवळरामची बैलजोडी गेली. बैल नेताना तो त्यांच्या मागे वेशीपर्यंत गेला आणि परत येऊन सायकलला हवा भरायला लागला. बिड्या विकायचं काम त्याच्याकडे आलं होतं.

सहा बाया वळायला आल्या. शेठचं काम सोडून आलेल्या, त्यात शकुनबाई सगळ्यात लहान आणि सगळ्यात तोंडाळ. नियम एकच. छाट काढायची ती खरी काढायची, आणि जिची आहे तिच्या डोळ्यांदेखत मोडायची. जर्दा परत तिच्या सुपात, पान चुलीत. मनकर्णाबाई स्वतःही रोज वळायची आणि पाटी घेऊन बायांच्या रांगेत उभी राहायची. पहिल्याच दिवशी मी तिच्या पाटीतून अकरा काढल्या. बाया माझ्याकडे बघत राहिल्या. मालकिणीनं एक बिडी उचलून दाबली, दुसरी दाबली, आणि म्हणाली, "ढिल्याच हायेत बाप्पा. मोड." मी अकराच्या अकरा मोडल्या. त्या दिवशी मला पहिल्यांदा माझं काम आवडलं.

मग लेबलाचा प्रश्न आला. नागपूरच्या छापखानेवाल्यानं विचारलं, कट्ट्यावर चित्र कोणतं टाकायचं? वाघ, घोडा, मोर, सगळे ठसे तयार होते. मालकाचा फोटोही चालतो म्हणाला. मनकर्णाबाई भंडाऱ्याला गेली, स्टुडिओत खुर्चीवर बसली, डोक्यावर पदर, ठसठशीत कुंकू, ओठ घट्ट मिटलेले, आणि फोटो काढून आली. 'मनकर्णा बिडी.' आणि खाली बारीक अक्षरात, 'छाट मोडलेली'.

गावात आग लागली असती तर एवढी धावपळ झाली नसती. केवळरामचे थोरले भाऊ पुंडलिकराव चार वडीलधारे घेऊन आले. आमच्याकडे भासऱ्यासमोर बाईनं यायचं नाही, बोलायचं नाही, आणि भासऱ्यानं भावाच्या बायकोचं तोंड पाहायचं नाही. पुंडलिकरावांनी वीस वर्षं ते पाळलं होतं. आणि ते होते पक्के बिडीबहाद्दर. ज्या तोंडाकडे पाहायचं नाही ते आता सदऱ्याच्या खिशात घेऊन फिरायचं?

मनकर्णाबाई रीत मोडणारी नव्हती. ती दाराआड गेली आणि दाराआडून केवळरामला म्हणाली, "त्याईले सांगा, वळनाऱ्या समद्या बाया अन् लेबलावर शेठ. त्या शेठले एक बिडी वळता येते का, जाऊन इचारा."

केवळराम भावाला म्हणाला, "दादा, ती म्हनते..."

"ऐकू आलं मले. तिले सांग, गड्याईच्या खिशात बाईचं तोंड शोभते का?"

"सांगा त्याईले," दाराआडून आलं, "बाईच्या हातचं तोंडात घालाले शोभते, तं तिचं तोंड खिशात कायले नाई?"

मधे उभं राहून दोन्हीकडचे निरोप पोचवता पोचवता केवळराम थकला. आयुष्यात तो आवाज चढवून कधी बोलला नव्हता, तेव्हाही चढवला नाही. एवढंच म्हणाला, "दादा, बिड्या माह्या घरच्या हायेत. तोंडही घरचंच राहू द्या." आणि सायकल काढून अड्याळच्या बाजाराला निघून गेला. पुंडलिकराव पुढे मरेपर्यंत तीच बिडी ओढत राहिले. फक्त लेबल आधी न बघता काढून घ्यायचे. रीतही राहिली आणि चवही.

अड्याळच्या बाजारात लोकांनी पहिले कट्टे थट्टेनं घेतले. 'बाईवाली दे' म्हणून डोळे मिचकावत घेतले. मग त्यांच्या लक्षात आलं, की या कट्ट्यात अर्ध्यात विझणारी बिडी निघत नाही. थट्टा महिनाभर टिकली, गिऱ्हाईक कायमचं. चार वर्षांत छपरीचं टिनाचं शेड झालं, आठ वर्षांत तीनशे बाया. दर नव्या बाईला मनकर्णाबाई लेबल दाखवून सांगायची, "हे माहं तोंड हाये. छाट मोडली नाई असं ज्या दिवशी दिसन, त्या दिवशी याच्यावर थुकाचं."

एकोणऐंशीत जिल्हा परिषदेची निवडणूक लागली. आमच्या गटातून शेठचा माणूस दर वेळी उभा राहायचा आणि समोर कोणी नसायचंच. त्या वर्षी तो गावात भाषणात बोलून गेला, की काही ठिकाणी बायांच्या नादी लागून छाट मोडण्याचं खूळ निघालं आहे, छाट मोडणं म्हणजे उद्योग मोडणं. हात दाखवून अवलक्षण, ते यालाच म्हणतात. शेठच्या कारखान्यातल्या बायांनाही त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, की छाट कुठं कुठं मोडतात. आणि मनकर्णाबाईनं दुसऱ्या दिवशी भंडाऱ्याला जाऊन अर्ज भरला. राजकारणाचा अभ्यास वगैरे काही नाही. कोणीतरी तिच्या नियमाला खूळ म्हणालं होतं, एवढंच कारण.

समोरच्यानं तक्रार केली, की उमेदवाराचं तोंड प्रत्येक खिशात आहे, हा प्रचार आहे. निवडणुकीच्या साहेबानं बोलावून सांगितलं, मतदानापर्यंत लेबल लावू नका. आम्ही सगळे चिडलो. ती म्हणाली, "नका लावू." महिनाभर उघडे कट्टे बाजारात गेले. प्रत्येक गिऱ्हाईक केवळरामला विचारायचं, "बाई कुठं गेली?" आणि केवळराम सांगायचा, "उभी राहिली." लाउडस्पीकरनं जे साधलं नसतं ते या दोन शब्दांनी साधलं. ती निवडून आली.

जिल्हा परिषदेत तिनं जगबुडी आणली असं मी म्हणणार नाही. सभेला डबा घेऊन जायची, लोक झोपले की खोकायची. पण आजूबाजूच्या दोन छोट्या कारखान्यांत छाट मोडली जायला लागली. शेठनं नाही मोडली. पिंपावर मात्र त्यानं झाकण घातलं. तेवढी तरी लाज आली.

ब्याऐंशीत केवळराम गेला. सायकलवर बाजाराला निघालेला माणूस रस्त्याकडेला झाडाखाली बसला तो उठलाच नाही. मनकर्णाबाई खचली. तिनं कधी तसं म्हटलं नाही, पण पाटी घेऊन रांगेत येणं सोडलं आणि कारखाना थोरल्या इश्वरच्या हाती दिला. इश्वर हुशार, शिकलेला, गोड बोलणारा. मला काका म्हणायचा. आईच्या नावावर आधी सरपंच झाला, मग त्याला विधानसभा दिसायला लागली. माणसांची ये-जा वाढली, जीप आली, जीपमागे दुसरी जीप आली.

एक दिवस तो मला म्हणाला, "काका, रोज पाटीभर माल मोडून राहिलो आपन. येडेपना हाये हा. छाट पिंपात टाकत जा. गुपचूप."

आणि मी टाकली. इथं मी सबब सांगू शकतो. दोन मुली शाळेत होत्या, वय चाळिशीकडे झुकलेलं. पण सबब सांगणाऱ्या माणसांचा मला राग आहे, तेव्हा स्वतःला सूट कशाला? मी भ्यालो. ज्या हातांनी बारा वर्षं मोडली त्याच हातांनी मी छाट पिंपात टाकायला लागलो, आणि त्या बिड्यांच्या कट्ट्यांवर मनकर्णाबाईचं तोंड चिकटत राहिलं. खाली तेच बारीक अक्षर, 'छाट मोडलेली'. बाया बघायच्या, काही बोलायच्या नाहीत. शकुनबाई तोंडाळ होती, तीही बोलली नाही. फक्त माझ्याशी बोलायची थांबली.

पंच्याऐंशीच्या निवडणुकीचे दिवस. कारखान्याच्या अंगणात पक्षाचे पाहुणे खुर्च्यांवर बसलेले, इश्वर पांढऱ्याशुभ्र कपड्यांत त्यांना चहा देत होता. मी ओट्यावर. रांगेत पाटी पुढे सरकली, मी हात घातला आणि वर पाहिलं तर मनकर्णाबाई. तीन वर्षांनी बिड्या वळून रांगेत उभी राहिली होती. खोकत होती, पण उभी ताठ होती.

"काढ छाट," ती म्हणाली.

मी दाबल्या. हात आता तिचे पहिल्यासारखे राहिले नव्हते. पाच निघाल्या, खऱ्या ढिल्या.

"मोड."

मी इश्वरकडे पाहिलं. तो पाहुण्यांच्या पलीकडून माझ्याकडे बघत हसत होता आणि मान थोडीशी, अगदी थोडीशी, नाही म्हणून हलवत होता. पाच बिड्यांचा प्रश्न होता. मोडायला कितीसा वेळ लागतो? मी त्या पाच बिड्या मागं पिंपात टाकल्या.

मनकर्णाबाई ओरडली असती तर मी सहन केलं असतं. ती एवढंच म्हणाली, "तू शेठचाच चेकर राहिला, भोजराज." आणि पोराकडे गेली. पाहुण्यांसमोर त्याला विचारलं, "माहं तोंड कायले लावून राहिला रे?"

"आई, लोकं तुह्या तोंडावर माल घेते," इश्वर हळूच म्हणाला. "मतंही देनार हायेत."

"म्हनूनच इचारून राहिली."

"धंदा वाढवाचा तं असं करावं लागते. तुले नाई समजत."

ती आत गेली. कपाटात लेबलाचा जस्ताचा ब्लॉक असायचा, दर खेपेला छापखान्यात पाठवायचा तो. तिनं तो काढला, रिकाम्या पाटीत ठेवला, वर फडकं टाकलं आणि सगळ्यांच्या मधून फाटकाबाहेर निघून गेली. तिला अडवायची कोणाची छाती झाली नाही. प्रचाराच्या पत्रकांवर 'मातोश्रींचा आशीर्वाद' छापायला टाकलं होतं. छापखान्यात तिचा निरोप गेला, असा कोणताही आशीर्वाद दिलेला नाही. कट्ट्यांवर इश्वरचा स्वतःचा फोटो आला.

इश्वर निवडून आला. सत्याचा विजय होतो म्हणतात. त्या वर्षी आमच्याकडे जीपगाड्यांचा झाला.

मनकर्णाबाई धाकट्या पोराकडे राहायला गेली आणि छपरीत बसून एकटी बिड्या वळायला लागली. आठवडी बाजाराच्या दिवशी अड्याळला जायची. केवळराम जिथं सायकल लावायचा तिथंच पोतं अंथरून बसायची आणि बिनलेबलाचे कट्टे विकायची. आमदाराची आई बाजारात भुईवर बसून बिड्या विकते, ही बातमी मुंबईपर्यंत गेली असं म्हणतात. इश्वरनं तिला आणायला जीप पाठवली. तिनं ड्रायव्हरला एक कट्टा विकला आणि जीप परत पाठवली. पुन्हा आली तेव्हा दोन विकले. मग जीप यायची थांबली.

मी एकदा गेलो तिथं. कशासाठी गेलो ते दोघांनाही ठाऊक होतं. तिच्या पोत्यासमोर उभा राहिलो. तिनं एक बिडी माझ्या हातात दिली. "दाब." कडक होती. मी मान हलवली.

"माफी मांगाले आला का?"

"हो."

"मले कायले मांगून राहिला? ज्याईची छाट पिंपात टाकली त्याईले मांग." आणि मागच्या गिऱ्हाइकाला म्हणाली, "काय पायजे भाऊ?"

त्यानंतर मी काय केलं? घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ओट्यावर बसलो. लिहायला लाज वाटते, पण तसंच झालं.

अठ्ठ्याऐंशीच्या थंडीत छातीनं तिला नेलं. जर्दा कोणालाच सोडत नाही. अंत्ययात्रेला मंत्री आले, फुलं आली. वर्षभरानं इश्वरला आईची फारच आठवण यायला लागली, कारण पुढची निवडणूक तीन महिन्यांवर आली होती. भंडाऱ्याच्या स्टुडिओतून जुन्या फोटोची निगेटिव्ह शोधून काढली, नवा ब्लॉक बनवला. 'मातोश्री मनकर्णा बिडी.' तेच कुंकू, तेच मिटलेले ओठ, आणि खाली तेच बारीक अक्षर. अक्षरासकट उचललं होतं. शरम विकून खाल्ली की माणूस किती निर्धास्त होतो, ते तिथं दिसलं.

लेबलाच्या उद्घाटनाला कारखान्यात मांडव घातला. पाहुणे, हार, भंडाऱ्याहून आलेला वर्तमानपत्राचा फोटोग्राफर. तीनशे बाया पाट्या घेऊन बसलेल्या. त्यांना सांगितलं होतं, कार्यक्रम झाल्यावर माल घेऊ. मला शाल आणि नारळ मिळाला, मातोश्रींचे पहिले सहकारी म्हणून. मग इश्वर माइकवर म्हणाला, "आता भोजराजकाका पहिल्या पाटीची तपासणी करतील आणि त्या पाटीच्या पहिल्या कट्ट्याला मी आईचं लेबल लावीन." फोटोग्राफर ओट्याजवळ गुडघे टेकून बसला. पाटी आली शकुनबाईची. पहिल्या सहातली ती एकटीच उरली होती. केस पांढरे झाले होते, आणि सहा वर्षं ती माझ्याशी बोलली नव्हती.

मी दाबल्या. सात निघाल्या. सात ढिल्या बिड्या माझ्या तळहातावर, मागं पिंप, समोर लेबलांची गड्डी. त्या सगळ्या गड्डीतून मनकर्णाबाई ओठ मिटून माझ्याकडे बघत होती.

मी पहिली मोडली.

जर्दा शालीवर सांडला. दुसरी मोडली. इश्वर हसत हसत माझ्याजवळ वाकला. "काका, पिंप."

"पिंपात नाई जात," मी म्हटलं. माइक चालू होता ते माझ्या ध्यानात नव्हतं. मांडवभर ऐकू गेलं. मग म्हटलं ऐकू गेलंच आहे तर जाऊ दे. "शकुनबाई, सहा वर्सं तुमची छाट मी पिंपात टाकली. समद्याईचीच टाकली. माह्या हातानं. मले माफी पायजे."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शकुनबाईनं माझ्याकडे पाहिलं आणि सहा वर्षांनी पहिलं वाक्य बोलली, "बोलू नोको. पाच राहिल्या, त्या मोड."

इश्वर दात न उघडता म्हणाला, "उद्यापासून येऊ नका, काका."

"मंग आमी बी नाई येत," शकुनबाई म्हणाली. तिनं माझ्या पुढ्यातली पाटी उचलून कमरेवर घेतली. तिच्या मागची उठली. मग तिच्या मागची. गोंधळ नाही, घोषणा नाही, नुसत्या पाट्या उचलल्या जात होत्या. शेवटची ओळ मांडवाच्या कडेला उभी राहिली तेव्हा इश्वरनं मागं वळून पाहिलं.

त्याच्या मनात त्या क्षणी आई आली की नाही, देव जाणे. तीनशे बाया आल्या, त्यांची घरं आली, निवडणुकीला उरलेले तीन महिने आले, एवढं मी खात्रीनं सांगतो. तो माझ्याजवळ आला, माझ्या तळहातावरून एक बिडी उचलली आणि कॅमेऱ्याकडे तोंड करून मोडली. हातांना सवय नव्हती. पान फाटलं आणि जर्दा त्याच्या पांढऱ्या बाहीवर पडला. दुसरी जरा बरी मोडली. पाचही मोडल्या. मग बाया एकेक करून खाली बसल्या.

वर्तमानपत्रात फोटो आला. आमदार स्वहस्ते बिडी मोडत आहेत, खाली लिहिलं आहे, आईचा वारसा चालवणारा सुपुत्र. मी त्यात नाही, माझा एक कोपर आहे. बायकोनं विचारलं, राग नाही आला का? आला ना. पण ज्या शकुनबाईची छाट होती तिच्या डोळ्यांदेखत ती मोडली गेली, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या मागच्या बाईची मोडली गेली. कोणाच्या हातानं, ते वर्तमानपत्राला हवं तसं छापू दे.

मला काढलं नाही. फोटो छापून आल्यावर काढणार कसा? मी रोज ओट्यावर बसतो आणि मोडतो. माझ्या पाठीशी आता भिंत आहे. पिंप त्याच दिवशी शकुनबाई डोक्यावर घेऊन घरी गेली. तिला कोणी विचारलं नाही, आणि तिनंही कोणाला विचारलं नाही.